फाटकाबाहेरचा माणूस

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे मास्तर म्हणत. आयुष्यात त्याने एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या लिखाणातल्या वेलांट्या सुधारायची त्याला खोड होती, आणि सिनेमावर बोलायला लागला की तर्जनी अशी उगारायचा की आपण गृहपाठ विसरून आलोय असंच समोरच्याला वाटावं. आठवड्यातून एकदा त्याचा सिनेमावरचा मजकूर छापून यायचा. लोक त्याला शिव्या घालत, आणि त्याचं वाचल्याशिवाय तिकीटही काढत नसत.

मतं मोठी ठाम. थिएटरात मागे कुणी खोकलं तर तो खोकणाऱ्यावर चिडायचा नाही, सिनेमावर चिडायचा. माणूस खोकायला मोकळा राहिलाच कसा, म्हणायचा. संगीत वाजवून रडवणाऱ्यांना तो खिसेकापू म्हणे. आणि सुरुवातीला ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी आली की त्याचं डोकंच फिरायचं. “ही पाटी म्हणजे आजारपणाचा दाखला,” त्याने एकदा लिहिलं होतं. “पोरगं नापास होणार हे ठाऊक असलेला बाप आधीच दाखला जोडून ठेवतो, तसं. घडलं की नाही घडलं याच्याशी कलेला काय देणंघेणं? सिनेमा खरा की खोटा हे विचारू नका. जिवंत की मेलेला, एवढंच विचारा.” हे शेवटचं वाक्य इतकं गाजलं की सिनेमाचं शिक्षण घेणारी मुलं ते एकमेकांना ऐकवत.

लग्न त्याने केलं नाही. थोरल्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायचा. दोन भिंतींना पुस्तकं, तिसरीला पलंग, आणि चौथीत एक खिडकी, जिच्यातून शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे सोडून काही दिसत नसे. भाऊ, म्हणजे त्याचा दादा, बुटांच्या कारखान्यात मुकादम होता. दादाला सिनेमातलं ओ की ठो कळत नसे आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे. धाकट्याने ओढून नेलं तर अंधार झाल्या झाल्या घोरायला लागायचा, आणि बाहेर आल्यावर म्हणायचा, “गारवा मस्त होता रे.” पेपर आला की वहिनींना विचारायचा, “एवढं पानभर लिहिलंय यानं, पण बघायचा की नाही ते कुठं लिहिलंय?” वहिनी हसत. मास्तर रागावल्यासारखं करी. घर असं चाललं होतं.

मग कारखान्याला आग लागली. दुपारची वेळ, सगळे कामावर. पुढच्या जिन्याखाली तळवे चिकटवायच्या सोल्यूशनची पिंपं होती, ती पेटली. इमारतीला मागे आणखी एक दार होतं. पण माल चोरीला जातो म्हणून मालक ते कामाच्या वेळात आतून कुलूपबंद ठेवायला लावायचा, आणि किल्ली मुकादमाकडे असायची. बरीच माणसं गेली. दादाही गेला. तो त्या मागच्या दाराशीच सापडला, आतल्या बाजूला, किल्ली मुठीत. कुलूप जसंच्या तसं.

हातात किल्ली असताना कुलूप उघडलं का गेलं नाही, याचं उत्तर चौकशीत कुणालाच देता आलं नाही. वहिनींचं उत्तर साधं होतं. “हे पुढच्या टोकाला असतील. धुरातून सरपटत दारापर्यंत आले असतील. थोडक्यात राहिलं.” हे त्या इतक्यांदा म्हणाल्या होत्या की घरातल्या कपाटासारखं ते एका जागी कायमचं उभं राहिलं होतं. मास्तरनेही त्याला कधी हात लावला नाही.

काही वर्षं गेली. दादाची मुलगी, म्हणजे मास्तरची पुतणी, शिकून नर्स झाली. आणि त्या आगीवर सिनेमा आला.

दिग्दर्शक तरुण होता, पहिलाच सिनेमा. माणसांची नावं बदललेली, कारखान्याचं नाव बदललेलं. समीक्षकांसाठी सकाळचा खेळ ठेवला होता. मास्तर नेहमीसारखा कडेच्या खुर्चीत जाऊन बसला. मनातून त्याने ठरवलंच होतं की असल्या विषयावर पोरगं रडारड करणार, आणि आपण चार ओळींत त्याची वासलात लावणार.

तसं झालं नाही. मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. सिनेमातला मुकादम आग लागते तेव्हा कारखान्यात नसतोच. रस्त्यापलीकडे चहा प्यायला गेलेला असतो. धूर दिसतो तसा धावत फाटकापर्यंत येतो, आणि थांबतो. किल्ली त्याच्याकडे आहे. पुढचा जिना अजून पुरता पेटलेला नाही. आत गेलं तर माणसं वाचतील, आपण वाचू की नाही ते सांगता येत नाही. तो उभा राहतो. संगीत नाही, आरडाओरडा नाही, कॅमेरासुद्धा हलत नाही. पडदाभर एका माणसाचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यात जाऊ की नको चाललेलं. निळ्या स्वेटरची बाही तो खाली ओढतो, पुन्हा वर सारतो. शेवटी किल्ली दातात धरतो, स्वेटर काढून डोक्याला गुंडाळतो आणि आत शिरतो. तोवर उशीर झालेला असतो.

थिएटरात कुणी हललं नाही. इतकं चांगलं काही मास्तरने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, हे त्याला त्याच क्षणी कळलं. आणि ती किल्ली! दादा बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन यायचा तेव्हा घराची किल्ली अशीच दातात धरायचा. वहिनी ओरडायच्या, “किती घाण असते ती!” हे या पोराला कुणी सांगितलं? आणि हे जर त्याला कळलंय, तर बाकीचंही…

पुढचा विचार त्याने तोडून टाकला. बाहेर कुणीतरी विचारलं, “काय मास्तर, जिवंत की मेलेला?” तो जिना उतरला.

घरी वहिनी दारातच उभ्या होत्या. “पाहिलात?”

“पाहिला.”

“यांना काय दाखवलंय?”

लपवून उपयोग नव्हता, चार दिवसांत शेजारच्यांनीच सांगितलं असतं. त्याने सांगितलं. वहिनी स्टुलावर बसल्या.

“बाहेर? हे बाहेर कशाला जातील? कामाच्या वेळात हे पाणी प्यायलासुद्धा जागचे उठायचे नाहीत.” मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही लिहा भाऊजी. धडधडीत खोटं आहे म्हणून लिहा. तुमचं लोक ऐकतात.”

पुतणी कामावर निघाली होती, बुटांची नाडी बांधत होती. मान वर न करता तिने विचारलं, “काका, पण सिनेमा कसाय?”

तो भिंतीकडे बघत राहिला.

“विचारतेय मी.”

“चांगला आहे.”

“किती चांगला?”

पुतणीने पिशवी उचलली. “म्हणजे सगळे बघणार,” ती म्हणाली आणि निघून गेली.

संपादकांनी समजूतदारपणा दाखवला. “घरचा विषय आहे मास्तर, दुसऱ्या कुणाला लिहायला देऊ का?” तो म्हणाला, “नको, मीच लिहितो.” पण लिहायचं काय? खोटं आहे असं लिहायचं तर हातात काहीतरी हवं. म्हणून आधी तो दिग्दर्शकाला भेटायला गेला.

दिग्दर्शक ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत होता. मास्तरला बघून धडपडत उठला, स्वतःची खुर्ची दिली, आपण त्याचा प्रत्येक लेख शाळेपासून वाचत आलोय म्हणाला. मास्तरने एकच विचारलं, “किल्ली दातात धरायचं कुठून आणलंत?”

“ते नटाचं, सर. स्वेटर काढताना दोन्ही हात गुंतले, त्याने सहज दातात धरली. मला आवडलं, ठेवलं.”

“आणि तो फाटकाबाहेर होता, हे?”

“चौकशीचं सगळं मी वाचलं, सर. तो कुठे होता हे कुणालाच माहीत नाही. आत होता म्हटलं तर एक बिचारा धुरात गुदमरून मेला, संपलं. त्यात सिनेमा नाही.” मग किंचित हसून म्हणाला, “तुम्हीच लिहिलं होतंत ना, खरा की खोटा विचारू नका.”

“तो माझा भाऊ होता.”

दिग्दर्शकाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तो हातातली ध्वनिफीत नुसती गुंडाळत राहिला. शेवटी हलक्या आवाजात म्हणाला, “सर, रागावू नका. एक विचारतो. तो प्रसंग मी ठेवला नसता, तर तुम्ही या सिनेमाला काय म्हणाला असता?”

मास्तर उठला. दारापाशी जाऊन म्हणाला, “मेलेला.” खोटं बोलणं त्याला तोवर जमत नव्हतं.

मग राहिला तो कापणीवाला. चामडं कापायच्या मशीनवरचा हा कामगार त्या दिवशी खिडकीतून उडी टाकून वाचला होता, आणि पाय अधू झाल्यामुळे आता गाड्यांच्या तळावर पावत्या फाडायला बसत होता. मास्तरने टपरीच्या काचेशी वाकून विचारलं, “त्या दिवशी मुकादम कुठे होता, आठवतं?”

“न आठवायला काय झालं? बाहेर होता. फाटकाशी. उडी टाकली तेव्हा बघितला की मी. असा उभा. निळा स्वेटर घातलेला.”

क्षणभर मास्तरने ते खरं धरलं. मग एकदम त्याच्या लक्षात आलं. दादाकडे निळा स्वेटर कधीच नव्हता. मुकादमाला कारखान्याचा खाकी कोट होता, बारा महिने तोच.

“चौकशीत तर तुम्ही म्हणालात, धुरामुळे काहीच दिसलं नाही.”

“तेव्हा डोकं ठिकाणावर होतं का भाऊ? आता सगळं लख्ख आठवतंय.”

“सिनेमा बघितलात?”

“बघितला की. लागला त्याच दिवशी बायकोला घेऊन गेलो. तिला म्हटलं, बघ, अगदी हे असंच होतं.”

“अहो, स्वेटर सिनेमातला आहे!” मास्तर ओरडलाच. “दादाने जन्मात निळा स्वेटर घातला नाही!”

मागे गाडीवाले भोंगे वाजवायला लागले. कापणीवाल्याने एक पावती फाडून बाहेर दिली, सुटे मोजले, आणि मग शांतपणे म्हणाला, “भाऊ, मी आत होतो. तुम्ही कुठं होता?”

मास्तर थिएटरात होता. त्या दुपारी एका सिनेमाचा खेळ होता, आणि आगीची बातमी घेऊन आलेल्या माणसाला दारवानाने मध्यंतरापर्यंत बाहेर थांबवून ठेवलं होतं. हे कापणीवाल्याला सांगण्यात काही अर्थ नव्हता. तो परत फिरला.

वाटेत त्याने दादाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. डोळे मिटले की नटाचा चेहरा यायचा. तो पुसून पुन्हा बघायला जावं तर पुन्हा तोच. घरी भिंतीवर फोटो होता, पण तो कारखान्याच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. त्यात दादा कधीच दादासारखा दिसला नव्हता. फोटोसमोर उभा राहून मास्तरने दादाचं हसणं आठवून पाहिलं, चालणं आठवून पाहिलं. चालताना दादा जरा डावीकडे कलायचा का? की ते सिनेमातल्या मुकादमाचं? पंचवीस-तीस वर्षं सिनेमाच्या ज्या ताकदीचे त्याने गोडवे गायले, जिच्या नावाने लोकांशी भांडला, तीच घरात शिरून त्याचा भाऊ उचलून घेऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी तो लिहायला बसला. खोटं आहे म्हणायला पुरावा नव्हता, आणि खरं-खोटं विचारू नका असं जन्मभर सांगून आता कोणत्या तोंडाने विचारायचं? वहिनींसाठी त्याच्यापाशी एकच शब्द उरला होता. तो त्याने वापरला. मेलेला सिनेमा, त्याने लिहिलं. कॅमेरा आळशी, लांबण निरर्थक, नटाचा चेहरा लाकडाच्या फळीसारखा. पानभर लिहिलं आणि देऊन टाकलं.

वाचकांनी त्याला वेड्यात काढलं. कचेरीत फोन यायला लागले, मास्तरांना आता विश्रांती द्या म्हणून. सिनेमा तर धो धो चालला. पण वहिनींनी तो मजकूर ओट्याशी उभ्या राहून वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि किती तरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

“इतका वाईट आहे, भाऊजी?”

“हो.”

“फळीसारखा चेहरा?”

“हो, वहिनी.”

“मग मी उगाचच घाबरून बसले की! असल्या सिनेमाचं काय मनावर घ्यायचं? मी बघून येते. आणि मग या शेजारणींना तोंडावर सांगते, अशी थट्टा कुणाची करू नये.”

“नको वहिनी. कशाला?”

“का नको?”

इथे त्याला सांगता आलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांतली ती सुटका मोडायचा त्याला धीर झाला नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला आशाही वाटत होती. दादाबरोबर ज्यांनी संसार केला त्या वहिनी. जगात आता एकट्या त्याच त्या पडद्याकडे बघून म्हणू शकत होत्या की हा माणूस माझा नव्हे. त्या तसं म्हणाल्या असत्या तर त्याला त्याचा दादा परत मिळाला असता.

“मीही येतो,” तो म्हणाला.

दुपारचा खेळ होता, निम्मं थिएटर रिकामं. वहिनी सुरुवातीला अगदी खुशीत होत्या. पदराआडून कुजबुजत होत्या, “असे नव्हते हो चालत हे,” “ही कसली मिशी!” “एवढं बोलायचे कुठे ते?” दरवेळी मास्तरचा जीव भांड्यात पडत होता. तो मनात म्हणत होता, बोला वहिनी, अजून बोला.

मग फाटक आलं. वहिनी गप्प झाल्या. पडद्यावर मुकादम उभा राहिला, उभाच राहिला. मास्तरने पडद्याकडे बघितलंच नाही, तो वहिनींकडे बघत होता. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. ओठ हलत होते. मुकादमाने बाही ओढली, वर सारली.

“जा ना,” वहिनी म्हणाल्या. अगदी हळू. “अहो, जा ना आत.”

मुकादमाने किल्ली दातात धरली तसा त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. मास्तरने तसा आवाज यापूर्वी एकदाच ऐकला होता, आगीच्या दिवशी.

बाहेर आल्यावर त्या तिकिटाच्या खिडकीजवळच्या बाकावर बसल्या. डोळे कोरडे होते. “किती वेळ एकटेच उभे होते हो,” त्या म्हणाल्या. “बाजूला कुणीसुद्धा नाही.”

“वहिनी, तो नट आहे. दादा नव्हता तो.”

“मला कळतं भाऊजी. मी काय खुळी आहे?” थोड्या वेळाने म्हणाल्या, “पण किल्ली दातात धरली त्यांनी.”

“ते नटाने आपल्या मनाने केलं. मी जाऊन विचारून आलोय.” तो त्यांच्यासमोर उकिडवाच बसला आणि सगळं सांगून टाकलं, दिग्दर्शक, कापणीवाला, निळा स्वेटर. “कुणालाच काही माहीत नाही. तो सिनेमा फार चांगला आहे वहिनी, म्हणून खरा वाटतो. मी वाईट लिहिलं ते तुमच्यासाठी. खोटं लिहिलं.”

वहिनींनी त्याच्याकडे नीट बघितलं. “म्हणजे तुम्हालाही ते खरं वाटलं.”

तो नाही म्हणायला गेला. पण उठला आणि त्यांना हात दिला.

पुतणीला कळलं तेव्हा ती मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. “काका, तुम्ही चांगला आहे असं लिहिलं असतंत ना, तर आई मेली तरी गेली नसती बघायला.” यानंतर तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. ताट समोर ठेवायची, विचारलं तर हो-नाही म्हणायची, बस.

त्याने आणखी एक लेख लिहिला. त्यात सगळं मान्य केलं, की सिनेमा मोठा आहे, आपण खोटं लिहिलं, आणि तरीही त्या दुपारी काय घडलं ते त्या सिनेमालाही ठाऊक नाही. संपादकांनी तो वाचून परत दिला. “मास्तर, सिनेमा थिएटरांतून उतरला. आता कोण वाचणार हे?” महिनाभराने त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव छापून यायला लागलं. कुणी काढलं नव्हतं त्याला, त्यानेच जायचं बंद केलं. सिनेमा बघणंही सुटलं. कुठलाही लावला तरी आत कुठल्या कुणाची तरी माणसं दिसायची, आणि त्यांच्या घरी आता काय चाललं असेल या विचाराने त्याला बसवेना.

एका सकाळी तो खिडकीशी बसला होता. बाहेर वहिनी दोरीवर कपडे घालत होत्या आणि पलीकडे शेजारीण तिचे काढत होती. शेजारीण भाजीच्या भावाबद्दल काही बोलत होती, आगीचा विषयही नव्हता. वहिनी मध्येच थांबल्या, ओली चादर तशीच हातात धरून.

“माणूसच होते हो,” त्या म्हणाल्या. “भ्यायले असतील. गेले ना पण शेवटी आत.”

मास्तर खिडकीतून अर्धा बाहेर झुकला. दादा भ्याला नव्हता, तो आतच होता वहिनी, असं त्याला ओरडून सांगायचं होतं. पण ते त्याला ठाऊक नव्हतं. वहिनींनी चादर झटकली आणि दोरीवर टाकली.